दहा लाख एक

दहा लाख एक ही मूळ संख्या आहे, असं ज्या गाढवाने छापलं त्याला भागाकार तरी येत होता का, देव जाणे.

शिरोड्याजवळच्या एका शाळेत गणिताची स्पर्धा होती. निवृत्त मास्तर म्हणून मला परीक्षकांत बसवलं होतं. शाल, श्रीफळ, भाषणं, सगळा तमाशा. पहिल्या येणाऱ्याला कुडाळला दोन वर्षं राहणं आणि शिकवणी फुकट. शेवटी दोघं बरोबरीत उरली, एका वकिलाचा मुलगा आणि नारळ पाडणाऱ्याची मुलगी. तिला ही जागा मिळाली नाही तर दहावीनंतर काजूच्या कारखान्यात जायचं, हे घरात ठरलेलंच होतं.

शेवटचा प्रश्न आला: दहा लाख एक ही संख्या मूळ आहे, की तिला दुसऱ्या कशाने भाग जातो?

"मूळ आहे," मुलगा म्हणाला.

"नाही. एकशेएकाने भाग जातो," मुलगी म्हणाली.

"तो कसा काय?" मुख्य परीक्षकांनी हसत विचारलं.

तिच्या घरी प्रत्येक शंभर नारळांवर एक राखणदाराचा काढतात, म्हणून वाटा एकशेएकाचा. लहानपणापासून ती तेच मोजत आलेली. शुद्ध बोलायला गेली आणि घाईत घरच्या बोलीवर आली. "धा हजार नारळांचे नव्व्याण्णव वाटे होतत, एक उरता. म्हणजे धा लाखांत शंभर उरतत. तेच्यात तुमचो वरचो एक घातलो काय शेवटचो वाटो पुरो."

सभागृहात हशा पिकला. म्हणे नारळाचं गणित! मी मात्र कागद उलटा करून गुणाकार केला. नऊ हजार नऊशे एक गुणिले एकशेएक. तंतोतंत दहा लाख एक.

कागद मुख्य परीक्षकांपुढे सरकवला. त्यांनी तो नीट वाचला आणि घडी घालून खिशात टाकला. "गुरुजी, उत्तरसूचीत मूळ छापलंय. पाहुणे ताटकळलेत, आता घोळ नको." त्यांच्या अंगाला अत्तराचा उग्र वास येत होता. आणि मी काय केलं? शाल सावरून बसलो. मुलाचं नाव पुकारल्यावर टाळ्याही वाजवल्या.

बाहेर तिच्या बापाने मला गाठलं, शेजारी उभ्या लेकीकडे बोट दाखवलं. "गुरुजींनू, तुमी सांगा. चेडवाचा चुकला काय?"

मुख्य परीक्षक बाजूलाच गाडीची वाट बघत उभे होते. मी आधी त्यांच्याकडे पाहिलं. मुलगी माझ्याकडे टक लावून बघत होती. मला गुणाकार करताना तिने मंचावरून पाहिलं होतं.

"चुकला माजा, बाबा," तीच म्हणाली. "गुरुजींका कित्याक इचारतास? चला."

मला हायसं वाटलं. थू माझ्या जिंदगानीवर, मला हायसं वाटलं.