हे कुणाच्या घरात वाचणार?

"छापू नका, मी येतोय!"

एवढंच बोलून आबा फोन ठेवायचे. मागे अमळनेर स्टँडचा गलका. इकडे धुळ्यात मशीनला कागद लागलेला असायचा आणि भाऊ कपाळाला हात लावून बसायचे. भाऊ म्हणजे आमच्या छोट्या ख्रिस्ती प्रकाशनाचे मालक. मी तिथे प्रुफं तपासते. आणि आबा आमचे ईश्वरविज्ञान सल्लागार. चर्चचे निवृत्त पाळक. पद भारदस्त, पण त्या माणसाला कधी धड खुर्चीवर बसलेलं पाहिलं असेल तर शपथ!

हातात कागद घेऊन ते नुसते येरझाऱ्या घालायचे. दारापर्यंत जायचे, परत यायचे, चहा गार करायचे. शास्त्रवचनात चूक सापडली तर खूण करून मोकळे व्हायचे. खरी धास्ती वेगळीच होती. मध्येच थबकून ते विचारायचे, "हे कुणाच्या घरात वाचणार?"

एकदा मुलांच्या पुस्तकात 'सैतान अंधारात टपून बसतो' असं वाक्य होतं. आबा म्हणाले, "आमच्या गल्लीत रोज लाईट जाते. पोरांना झोपवणार कोण, तू येशील?" वाक्य गेलं. त्याचं चित्र आधीच काढून झालं होतं, तेही गेलं. अशा माणसाबरोबर काम करून बघा, डोकं उठतं की नाही सांगा.

मग ती आजाऱ्यांसाठीची पुस्तिका आली. लिहिणारे मोठे नावाजलेले प्रवचनकार. मेळावा तोंडावर आलेला, भाऊ खुशीत. आबा मात्र एकाच वाक्यावर अडले होते: 'खरा विश्वास असेल तर आजार राहतच नाही.'

"आबा, लोकांना हेच हवंय," भाऊ वैतागून म्हणाले. "धीर येतो वाचून."

"बरं. चल मग, वाचून दाखव."

आम्हाला दोघांना त्यांनी देवपुरात एका बाईंच्या घरी नेलं. आमच्याच मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या. वर्षापूर्वी त्यांची शाळकरी मुलगी तापाचं निमित्त होऊन गेली होती. सगळ्या मंडळीने गुडघे टेकून प्रार्थना केली होती, भाऊंनीसुद्धा. बाईंनी लगबगीने चटई टाकली, पाणी दिलं. आबा उभेच.

भाऊ वाचू लागले. पहिला परिच्छेद बरा गेला. मग त्या वाक्याशी आले आणि थांबले. पाणी प्यायले, घसा खाकरला, पुन्हा थांबले.

"वाचा ना भाऊ," बाई म्हणाल्या. "काय लिखेल शे पुढे?"

"ताई, चष्मा विसरलो मी," भाऊ म्हणाले. चष्मा त्यांच्या नाकावर होता.

बाहेर आल्यावर भाऊ आबांवर असे उखडले की रस्त्यावरचे लोक बघायला लागले. "मला कशाला नेलंत तिथे? तुम्हीच काट मारायची ना!"

आबा चपलेचा अंगठा चाचपत म्हणाले, "मला एकट्याला ते वाक्य झेपत नव्हतं रे."

त्या दिवसापासून मला आबांचा कधी राग आला नाही. वैताग आला, तो वेगळा.

प्रवचनकारांना बदल मान्य नव्हता, ते रागावून पुस्तिका परत घेऊन गेले. भाऊ आबांना म्हणाले, "मग तुम्हीच लिहा आता." आबांनी लिहिलीही, लहानशीच. पण स्वतःच्या लिखाणावर तर त्यांचा भलताच संशय! प्रुफं तयार झाली की अमळनेरहून फोन आलाच म्हणून समजा. "छापू नका, मी येतोय." यायचे, एखादा शब्द खोडायचे, जाताना तोच परत घालायचे. मेळावे येऊन गेले, पुस्तिका आपली कॉम्प्युटरमध्येच.

आणि मग आबाच आजारी पडले. जळगावच्या दवाखान्यात मी गेले तेव्हा पडल्या पडल्याही त्यांचे पाय चादरीखाली चाळवत होते. भेटायला रीघ होती. कुणीतरी दाराबाहेर हलक्या आवाजात म्हणालं, "एवढे देवाचे माणूस, मग गुण का येत नाही? विश्वासात काही कमी असेल का?" माझ्या अंगाची लाही लाही झाली. शेजारी आबांच्या पत्नी, अक्का, उभ्या होत्या. त्यांनीही ते ऐकलं होतं.

आबा गेले. काही दिवसांनी मी त्यांच्या पुस्तिकेची प्रुफं घेऊन अमळनेरला त्यांच्या घरी गेले. अक्का पदराचं टोक पिळत म्हणाल्या, "खरं सांग. त्यांचा विश्वास कमी पडला का गं?"

मी उभी राहिले आणि वाचायला लागले. माझेही पाय एका जागी ठरेनात. दारापर्यंत जाऊन परत येत मी वाचत होते. भाऊ अडखळले होते त्याच जागी आबांनी लिहिलं होतं: 'बरं वाटलं नाही, तर तुझ्या विश्वासाला बोल लावू नकोस. दुखणं राहिलं तरी प्रभू निघून जात नाही. तो उशाशीच बसून असतो.'

मी अडखळले नाही. अक्कांनी डोळे पुसले.

"परत एकदाव वाच ना, माय."

मी परत वाचलं. मग स्टँडवर आले आणि बस लागायच्या आत धुळ्याला फोन केला.

"भाऊ, छापा," मी म्हणाले. "मी येतेय."