साळवेसरांचे खिसे

ऑफिसात माझ्या टेबलावर फायली साचायच्या, रिटायर झाल्यावर किस्से साचायला लागले. फायली कुणी उघडत नव्हतं. किस्से मात्र रोज संध्याकाळी कुणीतरी उघडायला लावतंच!

नगरच्या आमच्या फुटबॉल ग्राउंडला सिमेंटच्या चार पायऱ्या आहेत. तिथले कायमचे रहिवासी तीन. जिल्हा परिषदेतला रिटायर क्लार्क म्हणून सगळ्यांचा ‘भाऊसाहेब’ झालेला मी. क्लबचे फाटके बॉल शिवून देणारे सायकल दुकानवाले रफिकभाई. आणि फिलिप साळवे. फिलिपनं सोळा वर्षं गोव्यात आणि कोलकात्यात गोलकीपरची नोकरी केली. मी तेहतीस वर्षं क्लार्कची. काम दोघांचं एकच, समोरून आलेलं अडवायचं. त्याला त्यासाठी टाळ्या मिळायच्या.

खांदा निकामी झाला, डॉक्टरांनी खेळ बंद केला, तेव्हा फिलिप नगरला परत आला. पहिल्याच दिवशी चहाच्या टपरीवर माझ्या हातून ग्लास निसटला. मी ‘अरे’ म्हणेपर्यंत फिलिपनं झेप घेऊन जमिनीपासून वीतभर वर तो झेलला. चहा मात्र सगळा माझ्या पँटवर.

“वाचला!” फिलिप म्हणाला.

“कोण?” मी विचारलं.

“ग्लास!”

*

क्लबनं त्याला कोच केलं. त्यानं जे येत होतं ते शिकवलं. महिन्याभरात आमची अख्खी टीम गोलकीपर झाली! फॉरवर्डसुद्धा मुरमावर झेपा घेऊन कोपरं सोलून घ्यायचे. त्या मोसमात आमच्यावर कुणाला गोल करता आला नाही. आम्हालाही कुणावर करता आला नाही. ओळीनं सात मॅच शून्य-शून्य.

सातव्या मॅचनंतर रफिकभाई अदबीनं म्हणाले, “साळवेसर, ग्राउंडच्या त्या टोकालापण एक जाळी आहे. सवडीनं कधीतरी तिकडं पण बघा!”

*

कोचिंगच्या लायसन्सचा अर्ज मी भरला. आयुष्यात इतक्या उत्साहानं मी कुठलाच अर्ज भरला नव्हता. इतरांचे मी परत पाठवत असे.

परीक्षकांनी त्याला विचारलं, “तुम्ही तर कीपर. तुम्हाला ॲटॅकमधलं काय कळतं?”

फिलिप म्हणाला, “सर, फॉरवर्ड लोक फक्त करतात. मी सोळा वर्षं समोरून बघितलाय!”

पास झाला. आल्यावर त्यानं फॉरवर्डना रांगेत उभं केलं आणि कीपर असताना आपल्याला कुठला बॉल आवडायचा नाही, कुठं मारला की हात पोचायचा नाही, ते सगळं सांगून टाकलं. सोळा वर्षं जपलेलं गुपित! पुढच्या मॅचला आम्ही चार गोल केले. मी पायरीवर उभा राहून ओरडलो. तेहतीस वर्षं मी ऑफिसात आवाज चढवला नव्हता, त्याची सगळी थकबाकी त्या दिवशी निघाली. बायकोनं घरी विचारलं, “घसा का बसलाय?” म्हटलं, “फिलिपमुळं.” अजूनही कुणी तब्येतीबद्दल विचारलं की मी श्रेय त्यालाच देतो.

*

मग जामखेडची फायनल. शेवटची पाच मिनिटं, एक-एक बरोबरी. समोरच्या टीमचा एक चुकलेला बॉल साईडलाईनकडं आला. तो बाहेर जाणार, थ्रो आमचा मिळणार. लाईनीबाहेर फिलिप उभा. त्यानं झेप घेतली आणि बॉल झकास कॅच केला!

पाय लाईनीबाहेर होते. हात आत होते. बॉलही आतच होता.

चालू खेळात कोचनं बॉलला हात लावला की समोरच्यांना फ्री किक आणि कोचला लाल कार्ड. फ्री किकवर गोल झाला, कप गेला. गर्दीतले एक म्हातारबा मनापासून विचारत होते, “आवो सर, तुमी शिकवाया आलाव का खेळाया?”

टेम्पोत परतताना फिलिप स्वतःच्या हातांकडं बघत म्हणाला, “भाऊसाहेब, हे माझं ऐकत नाहीत.”

मी म्हणालो, “हात खिशात ठेवत जा.”

“ट्रॅकसूटला खिसे कुठंयत?”

त्याची बायको मर्सी टेलरिंगचं दुकान चालवते. दुसऱ्या दिवशी ट्रॅकसूटला खिसे आले. चांगले खोल, कोपरापर्यंत हात जाईल असे. त्यानंतर फिलिपनं एकही बॉल पकडला नाही. ग्राउंडवर तो थंडी वाजल्यासारखा उभा असायचा, भर मे महिन्यात.

*

मालदीवच्या एका छोट्या क्लबनं त्याला एका मोसमासाठी कोच म्हणून बोलावलं. टीम लीगमध्ये टिकली तर पुढच्या वर्षीही ठेवू म्हणाले. त्याचा पहिला फोन आला, “भाऊसाहेब, इथं ग्राउंडवर गवत आहे! पण जोरात मारला की बॉल समुद्रात जातो.”

बाभळीच्या काट्यांनी फुटलेले बॉल शिवण्यात ज्यांची हयात गेली, ते रफिकभाई विचारात पडले. मग म्हणाले, “पण पंक्चर होत नाही ना?”

*

दुसऱ्याच मॅचला फिलिपनं बॉल पकडला.

क्लबनं नवा ट्रॅकसूट दिला होता. त्याला खिसे नव्हते! लाल कार्ड मिळालं, आणि सेक्रेटरीनं बजावलं, पुन्हा असं झालं तर परतीचं तिकीट.

ग्राउंडच्या कोपऱ्यांवरचे क्लबचे झेंडे शिवायला टाकायला मी मर्सीच्या दुकानात गेलो होतो, तेव्हा त्याचा व्हिडिओ कॉल आला. सगळं ऐकून मर्सी म्हणाली, “सुई-दोरा आहे का?”

“हॉटेलातून आणलाय. कापड नाही.”

“बॅगेत काय आहे?”

बॅगेत त्याची शेवटच्या मॅचची पिवळी जर्सी होती. ती त्यानं कॅमेऱ्यासमोर धरली. मर्सीनं ती मागून-पुढून दाखवायला लावली.

“नंबर राहू द्या,” मर्सी म्हणाली. “बाह्या कापा. दोन खिशांना पुरतात.”

मग तिनं त्याला दीड तास कोचिंग दिलं. “बारीक घाला, बारीक! गोणी शिवताय का? ... हां. आता उलटा टाका. अहो, सुई बघा, माझ्याकडं काय बघताय!”

फिलिपच्या हाताखाली खेळलेल्या कुणीही इतकं निमूट ऐकून घेतलेलं मी पाहिलेलं नाही.

*

मोसमाची शेवटची मॅच. बरोबरी केली तर टीम लीगमध्ये टिकणार आणि फिलिपचं कामही. पायरीवर रफिकभाईंच्या मोबाईलवर आम्ही तिघं बघत होतो. दुकान बंद करून मर्सीही आली होती.

एक-एक. दोनच मिनिटं उरलेली. समोरच्या डिफेंडरनं घाबरून बॉल बाहेर टोलवला. तो थेट स्क्रीनच्या कोपऱ्याकडं गेला, जिथं निळ्या ट्रॅकसूटला पिवळे खिसे लावलेला एक माणूस उभा होता.

“मर्सी, डोळे मीट,” मी म्हणालो. तिनं मिटले नाहीत.

फिलिपचे दोन्ही खांदे उडाले. कोपरं हलली. हात बाहेर आले नाहीत. बॉल लाईन ओलांडून सरळ त्याच्या तोंडावर बसला आणि तो हात खिशात ठेवूनच पाठीवर आडवा झाला!

रेफरीनं थ्रो दिला. आमच्या फिलिपच्या टीमला. दोन मिनिटांनी शिट्टी झाली. एक-एक.

तासाभरानं त्याचा कॉल आला. नाकात कापूस, वरचा ओठ सुजलेला, मागं पोरं नाचतायत.

“साळवेसर, नाक कसं आहे?” रफिकभाई ओरडले.

मर्सीनं मोबाईल काढून घेतला. “नाकाचं राहू द्या. खिसे दाखवा.”

त्यानं उभं राहून कॅमेरा खाली केला. मर्सीनं मोबाईल डोळ्यांजवळ नेला आणि बराच वेळ बघत राहिली.

“डावा तिरका शिवलाय,” ती म्हणाली. “आल्यावर उसवून नीट करून देते.”

“नको,” फिलिप म्हणाला. “असू दे तसाच.”