मुनव्वरला विचारा

अमरावतीत किंवा बडनेऱ्यात कोणी बाहेरगावाहून बदलून आलं आणि जेवायला बरं, परवडणारं कुठं मिळतं असं विचारू लागलं, की आमच्या ऑफिसात एकच उत्तर होतं. मुनव्वरला विचारा.

मुनव्वर खान बडनेरा जंक्शनला सिग्नल खात्यात होता. मी, किशोर, त्याच खात्यात कारकून. मी दर्यापूरकडच्या शेतकरी घरातला, मांस-मच्छी कधी न शिजलेल्या घरातला. तो बडनेऱ्याच्या जुन्या वस्तीत राहणारा. आमची गट्टी जमली ती जेवणावरून.

त्याचं लहानपण रेल्वेच्या क्वार्टरमध्ये गेलं. वडील रेल्वेतच खलाशी, म्हणजे हाताखालचे मजूर. तो प्राथमिक शाळेत असताना आईनं अंथरूण धरलं, ती पुढं उठलीच नाही. क्वार्टरच्या त्या ओळीत देशभरची माणसं राहत होती आणि मुनव्वरला, त्याच्या भावंडांना त्या सगळ्यांनी खाऊ घातलं. कधी तमिळ घरातून सांबार-भात यायचा, कधी सिंधी घरातून कढी, कधी बंगाली घरातून भाजी घातलेली खिचडी. वडिलांची अट एवढीच होती की मांस घ्यायचं नाही, कारण ते हलाल असल्याची खात्री देता येत नाही. "म्हणून या गावातलं शाकाहारी मले तुह्यापेक्षा जास्त समजते," असं तो मला म्हणायचा, आणि ते खरं होतं.

ठिकाण पारखायची त्याची एकच रीत होती. पाटी वाचायची नाही. "ज्याचं जेवण हाये त्याचीच माणसं तेथ बसून खाऊन राहिली का, तेवढं पाह्य," तो सांगायचा. केरळी बाई घरासमोर अप्पम विकते, तर रविवारी चर्चमधून सुटलेली केरळी माणसं तिथं थांबतात का? पंजाबी ढाब्यावर सरदार ट्रकवाले उतरतात का? उतरत असतील तर आत जायचं. आणि रिक्षावाल्याला परवडत नसेल, तर उठून यायचं. अशी त्यानं शहरभरची ठिकाणं शोधून ठेवली होती. त्यातली निम्मी तर हॉटेलंच नव्हती. कुणाचा ओटा, कुणाची खिडकी, कुणाच्या घरचं पार्सल.

त्याच्या सगळ्यात जीवाचं ठिकाण म्हणजे रामपुरी कॅम्प या सिंधी वस्तीतलं टेकचंद काकांचं दालपकवान. मैद्याची कडक तळलेली पोळी, तिच्यासोबत चण्याची घट्ट डाळ, वर चिंचेची चटणी आणि चिरलेला कांदा. सिंधी लोकांची ही सकाळची न्याहारी. काका ओट्यावर बसून द्रोण भरायचे आणि आत त्यांची बायको ईश्वरी तळायची. मुनव्वर ड्युटी संपली की सायकलनं, पुढं मोटरसायकलनं, तिथं जायचा. वर्षानुवर्षं.

त्याची बायको मात्र अगदी उलटी. निखतभाभी उर्दू शाळेत शिकवायची. अकराव्या वर्षापासून तिनं नऊ माणसांच्या घरात चूल सांभाळलेली. तिच्या लेखी जेवण म्हणजे काम. समोर येईल ते ती दोन मिनिटांत खाऊन उठायची. नवऱ्यासोबत बाहेर खायला ती कधी जायची नाही. "तुमच्या दोस्ताला सांगा भाऊ," ती मला म्हणायची, "पोटात गेल्यावर सगळं एकच होतं."

एकवीस सालच्या सुरुवातीला अमरावतीत कोरोनाची मोठी लाट आली, त्यात मुनव्वर सापडला. दवाखान्यात ऑक्सिजनवर होता. वाचला. घरी आल्यावर भाभीनं चहा दिला, तो त्यानं अर्धा पिऊन ठेवला. "साखर नाही टाकली?" त्यानं विचारलं. साखर टाकली होती. आलंही टाकलं होतं.

चव गेली होती आणि वासही. डॉक्टर म्हणाले, येईल परत, काहींना वेळ लागतो. महिने गेले, आली नाही. एकदा तो स्वयंपाकघरात वर्तमानपत्र वाचत बसला होता आणि शेजारच्या शेगडीवर दूध करपून काळं झालं. भाभी शाळेतून आली तेव्हा धूर घरभर होता आणि तो वाचतच होता. तिनं शेगडी बंद केली आणि खिडक्या उघडल्या.

हे त्यानं मला तेव्हा सांगितलं नाही. कोणालाच सांगितलं नाही. फोन येत राहिले आणि तो पूर्वीसारखाच पत्ते सांगत राहिला. लाट ओसरल्यावर ओटे उघडले, तसा तो पुन्हा आपल्या ठिकाणांवर जायलाही लागला. मला वाटलं, गडी पूर्वपदावर आला.

त्या लाटेत टेकचंद काकांची ईश्वरी गेली. मुनव्वर भेटायला गेला तेव्हा काका म्हणाले, धंदा बंद करतो. यानंच त्यांना समजावलं की बंद करू नका. मग काकांनी तळायला एक माणूस ठेवला. मुनव्वर आठवड्यातून दोनदा तरी जायचा, पूर्ण द्रोण संपवायचा आणि म्हणायचा, "वही बात है, काका." काका मान हलवायचे.

पुढच्या हिवाळ्यात दामिनी नावाची मुलगी कोकणातून अमरावतीत नोकरीला आली, एका लॅबमध्ये. कोणीतरी तिला मुनव्वरचा नंबर दिला. त्यानं तिला कॅम्पात पाठवलं. "बिनधास्त जा, बेटा. मी परवाच खाऊन आलो."

दोन दिवसांनी तिचाच फोन आला, तेव्हा आम्ही ऑफिसात समोरासमोर बसलो होतो. ती रागावलेली नव्हती, उलट संकोचून बोलत होती. तेल खवट होतं, ती आणि तिच्यासोबतची मैत्रीण दोघी आजारी पडल्या. "काका, तुम्ही परवा खाल्लं म्हणालात म्हणून मी तसंच खाल्लं. मला वाटलं, इथं अशीच चव असेल."

मुनव्वरनं फोन टेबलावर पालथा ठेवला.

"काय झालं बे?" मी विचारलं.

"मले चव नाई, किशोर," तो म्हणाला. "कोरोनापासून. माती खाल्ली तरी समजणार नाई."

"मग सांगत काहून नव्हता?"

"काय सांगू? लोक मले दुसऱ्या कोणत्या कामासाठी फोन करतेत?"

त्याला एक गोष्ट आठवली आणि त्याचा चेहरा आणखी उतरला. कॅम्पातल्या ओट्यावर अलीकडं गर्दी नसायची. जुनी सिंधी गिऱ्हाइकं दिसेनाशी झाली होती. त्याच्या डोळ्यांसमोर ते घडत होतं. पण त्यानं स्वतःला समजावलं होतं की कोरोनानंतर लोक बाहेर कमी खातात.

त्याच शनिवारी तो मला घेऊन कॅम्पात गेला. ओट्यावर आम्ही दोघंच. काका द्रोण भरायला लागले, तर मुनव्वरनं त्यांचा हात धरला आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. त्या मुलीचंही सांगितलं.

काका पंचाहत्तरीचे. त्यांनी द्रोण खाली ठेवला. "फिर तू रोज़ क्या बोलता था? वही बात है, वही बात है."

मुनव्वरनं त्यांचा हात सोडला.

"मैं तेरे मुँह को देखके चला रहा था," काका म्हणाले. "लोग नहीं आते थे, तो मैं सोचता था, मुनव्वर तो आता है ना. वो खाता है तो ठीक ही होगा."

मी विचारलं, "काका, तुम्ही स्वतः खाऊन पाहत नव्हता?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "ईश्वरी गई तब से मैंने इसको मुँह नहीं लगाया." मग ते मुनव्वरला म्हणाले, "अब मत आना."

त्यांनी त्या दिवशी ओटा बंद केला, तो बंदच राहिला.

मुनव्वरनं फोन उचलणं सोडलं. एखादा नवा माणूस टेबलापाशी येऊन विचारायचा, तर तो म्हणायचा, मला काही माहिती नाही. जेवण तर त्यानं जवळपास टाकलंच. भूक लागते हेही चवीमुळंच कळतं की काय कोण जाणे. समोर ताट आलं की दोन घास खायचा आणि सरकवायचा. शर्ट अंगावर लोंबायला लागले. मी डबा उघडून बोलवायचो, तर म्हणायचा, "तू खाय. मह्या पोटात टाकणं म्हंजे अन्न वाया घालवणं हाये."

निखतभाभीनं हे बरेच दिवस पाहिलं. मग एके दिवशी शाळा सुटल्यावर ती एकटीच रिक्षा करून कॅम्पात गेली. तिथं काय झालं, ते तिनंच मला नंतर सांगितलं.

टेकचंद काका दारात खुर्ची टाकून बसले होते. तिनं ओळख सांगितली. ते म्हणाले, त्याला माफी मागायची असेल तर स्वतः येऊ दे.

"मैं माफ़ी के लिए नहीं आई," ती म्हणाली. "मुझे दालपकवान खाना है."

धंदा बंद आहे, काका म्हणाले. भाभी पायरीवर बसली. तिनं त्यांना सांगितलं की माझा नवरा वीस वर्षं तुमच्या घरचं खाऊन यायचा आणि घरी येऊन त्याच्याबद्दल बोलायचा. मी भांडी घासत असायचे, माझं लक्ष नसायचं. आता तो काहीच बोलत नाही. तो काय सांगत होता, ते मला कळून घ्यायचं आहे.

काका उठून आत गेले. तो तळणारा माणूस दुसरीकडं कामाला लागला होता. काकांनी स्वतः पीठ मळलं, शेजारच्या दुकानातून नवीन तेल आणलं. डाळ कुकरला लावली. इतक्या वर्षांत त्यांनी ओट्यावर बसून फक्त द्रोण भरले होते. पकवान कुठं जाड, कुठं करपलं. भाभीनं एक घास खाल्ला आणि खरं ते सांगितलं. तेल चांगलं आहे. डाळ अळणी आहे, आणि तिच्यात काहीतरी कमी आहे, पण काय ते मी सांगू शकत नाही, कारण मी ती कधी खाल्लीच नव्हती.

"ईश्वरी क्या डालती थी, कौन जाने," काका म्हणाले. "मैंने पूछा ही नहीं कभी."

"आप चखिए," भाभी म्हणाली. "मेरे मियाँ की ज़बान गई है. आपकी तो है."

ते नाही म्हणाले. ती बसून राहिली. शेवटी काकांनी पकवानाचा तुकडा मोडला, डाळीत बुडवला आणि तोंडात टाकला. चावता चावता त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, तसाच त्यांनी तो घास गिळला. मग त्यांनी भिंतीकडं तोंड केलं. "आमचूर," ते म्हणाले. "आमचूर नहीं है. और जीरा वो बाद में डालती थी, घी में."

भाभी त्या महिन्यात आणखी तीन-चारदा गेली. स्वयंपाक तिनं केला नाही. ती खायची आणि मोघम न बोलता सांगायची, आणि काका स्वतः चाखून दुरुस्त करायचे. ओटा पुन्हा उघडला. जुन्या लोकांपैकी काही आले, सगळे नाही. ईश्वरीच्या हातचं ते झालं नाही, हे काका स्वतःच गिऱ्हाइकाला सांगायचे.

मुनव्वरला तिनं सगळ्यात शेवटी नेलं. काकांनी त्याला बस म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही. दोन द्रोण समोर ठेवले. भाभीनं आधी खाल्लं आणि त्याला सांगायला लागली. डाळ आज बरी शिजलीय, पण दाणा हाताला लागतो. चिंच जरा पुढं आलीय. पकवान मधे कुरकुरीत, कडेला चिवट. तो ऐकत होता. मग त्यानं खायला सुरुवात केली आणि द्रोण संपवला. काकांनी न विचारता दुसरा भरला.

तेव्हापासून दर रविवारी ते दोघं बाहेर पडायला लागले. मुनव्वरला ठिकाणं माहीत, भाभीला चव. दालपकवान आता तिला कळत होतं, पण नव्या ठिकाणी पहिल्यांदा ती "चांगलं आहे, बरं आहे" एवढंच म्हणायची. तो वैतागायचा नाही, विचारत राहायचा. कशासारखं? आंबट म्हणजे दह्याचं की टोमॅटोचं? जिभेला आधी काय लागलं, मग काय? शाळेतल्या मास्तरणीला तोंडी परीक्षा द्यावी लागत होती. हळूहळू तिला शब्द सापडले. एका घरी मिळणारी तहारी, म्हणजे बटाटे घातलेला मसालेभात, तिला इतकी आवडली की तिनं भांडं नेऊन घरी पार्सल आणली, जन्मात पहिल्यांदा. दामिनीला मुनव्वरनं स्वतः फोन केला, झालेलं सगळं सांगितलं आणि भाभीनं पारखलेल्या ठिकाणी दोघी मुलींना जेवू घातलं. पुन्हा कोणाचा फोन आला, की तो भाभीकडं द्यायला लागला.

पण तो पूर्वीसारखा झाला, असं मी म्हणणार नाही. गप्पांमध्ये जेवणाचा विषय निघाला की त्याच्या डोळ्यांत जी चमक यायची, ती गेलीच. कधीकधी बोलता बोलता थांबायचा, जणू खोलीत काही विसरून आलाय.

मी निवृत्त झाल्यावर अकोल्याला, जठारपेठेत मुलाकडं राहायला आलो. मागच्या थंडीत ती दोघं भेटायला आली. आमच्या गल्लीत एक तेलुगू कुटुंब संध्याकाळी घरातूनच मुगाचे डोसे विकतं. मी त्यांना तिथं नेलं. बाहेर बाकड्यावर बसलो. भाभीनं पहिला घास घेतला, मुनव्वर तिच्याकडं बघत थांबला.

"आलं फार आहे," ती म्हणाली. "पण मूग आजचेच वाटलेले आहेत. हिरवा वास येतो, शेंग सोलल्यावर येतो तसा."

तो खायला लागला. मी हळूच विचारलं, "कधी काहीच लागत नाही का रे?"

"गरम समजते. मिरचीची आग समजते. बाकी काई नाई," तो म्हणाला. "पयले वाटे, चव येईन एखाद दिवशी. सकाळी उठून दात घासताना पाहत जाय, पेस्ट लागते का म्हणून. आता नाई पाहत."

मला पुढं काही विचारवलं नाही. अमरावतीच्या गाडीची वेळ होत आली होती. भाभीनं मात्र आणखी एक डोसा मागितला, आणि तो येईपर्यंत आतल्या बाईला, मूग किती वेळ भिजवता, असं विचारत राहिली. मुनव्वर तिची पिशवी मांडीवर घेऊन बसून होता. त्यानं उठायची घाई केली नाही.