गुरुवारची रेघ

माझ्या बायकोला वाटतं, तिला माझं सगळं ठाऊक आहे. शाळेत दोनदा नापास झालो ते, लग्नाआधी कुणाला पत्रं लिहिली ते, आबांच्या खिशातून सिगारेटी ढापल्या ते. हे ठाऊक नाही. हे तिला सांगितलं नाही, मुलीला नाही, देवासमोर हात जोडून उभा असतानासुद्धा नाही — तिथंही मी विषय बदलतो. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, एवढंच कारण सापडतं. आणि गेला महिनाभर मला एका जागी बसवत नाहीये.

गाडीपासून सुरू करतो. गाडीचं बोलणं सोपं आहे.

जळगावच्या आमच्या घरामागे, पत्र्याच्या शेडमध्ये, एक दुधी रंगाची अँबॅसिडर तीस-बत्तीस वर्षं उभी होती. आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची. ते गेल्यावर शेडची किल्ली माझ्याकडे आली आणि मी ती कपाटात अशा जागी ठेवली की मलाच सापडू नये. कुणी विचारलं तर सांगायचो, आत विंचू आहेत. भंगारवाले दाराशी येऊन गेले, त्यांनाही गाडी दिली नाही. द्यायची तर शेड उघडावं लागलं असतं ना?

यंदा माझी मुलगी केतकी पुण्याहून महिनाभर घरी आली आणि तिच्या डोक्यात भूत शिरलं — आजोबांची गाडी सुरू करायची. मी म्हटलं, पार्ट मिळत नाहीत. ती म्हणाली, मिळतात. म्हटलं, कागद संपलेत. ती म्हणाली, होतील. आबांचा हट्टीपणा एक पिढी सोडून उतरलाय. एका रविवारी तिनं सरळ कुलूप फोडलं आणि रफिकभाई मेकॅनिकला घेऊन आली.

मी आत गेलो नाही. अंगणात येरझाऱ्या घालत राहिलो. आतून एकेक बातमी यायची — एअर फिल्टरमध्ये उंदराचं घर निघालं, टाकीतल्या पेट्रोलचा डिंक झालाय, पिस्टन जाम आहेत. रफिकभाईंनी प्लग काढून आत डिझेल ओतलं आणि आठ दिवस मुरू दिलं. मग इंजिनाचं वरचं झाकण, म्हणजे हेड, उचललं आणि मला हाक मारली. जावं लागलं. मी फक्त इंजिनाकडे बघितलं, भिंतीकडे नाही.

"साहेब, ही गाडी पाण्यावाचून मेलीय," ते म्हणाले. "चालवणाऱ्याला कळलंही नसेल. रेडिएटरात पाणीच नसलं तर काटा वर चढत नाही. खोटं बोलतो."

ते गरमीच्या काट्याबद्दल बोलत होते. मी "असेल" म्हणालो आणि बाहेर आलो.

पाण्यावाचून मेली, हे आमच्या घरात सगळ्यांनाच माहीत होतं. इतकं माहीत, की घरात त्याची म्हण झाली होती. कुणी भाजीत मीठ विसरलं, कुणी दुधाखालचा गॅस विसरलं, की म्हणायचं — सुपडूनं पाणी पाहिलं वाटतं! केतकीही लहानपणापासून हेच म्हणते. सुपडू म्हणजे कोण, हे तिला कॉलेजात जाईपर्यंत कळलं नव्हतं. आणि मी? मीही म्हणायचो. हसत म्हणायचो.

सुपडूनाना आमचे ड्रायव्हर. शिंदखेड्याकडचे, बोलणं ठार अहिराणी. सकाळी सहाला बॉनेट उघडायचे, रेडिएटरात बोट बुडवून पाणी बघायचे आणि त्याच ओल्या बोटानं वाटीतला गेरू घेऊन शेडच्या चुन्याच्या भिंतीवर एक रेघ ओढायचे. एका आठवड्याची एक ओळ, सोमवारपासून. कोरड्या बोटाला गेरू लागत नाही. म्हणजे रेघ उमटली तर पाणी आहे — त्यांचा हिशेब इतका साधा होता. मला तेव्हा त्याचं हसू यायचं.

आता मे महिन्यातला तो गुरुवार. मी एकोणीस वर्षांचा. आबा दुपारी वामकुक्षी घेत होते, नाना भाकर खायला घरी गेलेले. मी किल्ली घेतली आणि गाडी काढून नशिराबादपर्यंत गेलो. का? काही कारण नव्हतं. एक मित्र तिथं राहायचा, त्यानं मला गाडी चालवताना बघावं, एवढंच. तो घरी नव्हताच! परतताना बॉनेटमधून वाफ यायला लागली. मी थांबलो, काढलेल्या शर्टानं धरून रेडिएटरचं झाकण फिरवलं आणि पाणी कारंज्यासारखं उडालं. सगळं गेलं. शेजारी कुणाची विहीर असेल, मागितलं असतं तर पाणी मिळालं असतं. पण आबा उठले तर? तशीच कोरडी गाडी हाणत घरी आणली आणि शेडमध्ये लावली.

नळ दहा पावलांवर होता. बादलीचा आवाज होईल म्हणून मी पाणी घातलं नाही. रात्री घालू, असं ठरवलं.

चार वाजता धुळ्याहून फोन आला — अक्का, म्हणजे माझी आत्या, दवाखान्यात आहे, लगेच निघा. आबा शर्टाची बटणं लावत धावले. नाना नुकतेच परत आले होते. सकाळी पाणी बघितलेलंच होतं. त्यांनी किल्ली फिरवली. मी तिथंच उभा होतो. गेट मी उघडलं. अहो, गेट मी उघडलं! "पाणी घाला" एवढे दोन शब्द — तोंडापर्यंत आले होते, हे मी शपथेवर सांगतो. पण त्याला काय किंमत?

एरंडोलच्या पुढे इंजिन बसलं. आबा एका ट्रकमध्ये चढून धुळ्याला पोचले, तेव्हा अक्का गेली होती.

इथवर ऐकून तुम्ही म्हणाल, पोरवय होतं, घाबरला. मीही बत्तीस वर्षं स्वतःला हेच सांगत आलोय. इतकंच असतं तर मी कधीच सांगून मोकळा झालो असतो. पण इतकंच नाही.

तिसऱ्या दिवशी गाडी ओढून आणली. आबा ओसरीत बसले होते, डोळे लाल. नाना समोर उभे. त्यांनी हात जोडले नाहीत, रडले नाहीत. सरळ म्हणाले, "आबा, मी पानी देखं व्हतं. भितवर रेघ शे. देखी ल्या."

आबांनी माझ्याकडे बघितलं. म्हणाले, जा, बघून ये.

मी शेडमध्ये गेलो. शेवटच्या ओळीत चार रेघा होत्या — सोम, मंगळ, बुध, गुरू. चौथी तर सगळ्यांत ठसठशीत होती. मग अंगठ्याला थुंकी लावली आणि चौथी रेघ पुसली. नीट, वरून खाली. तिथं एक लालसर डाग राहिला. नानांच्या बोटांचे तसले डाग भिंतीभर होतेच. अंगठा पायजम्याला पुसला आणि ओसरीत येऊन म्हणालो — गुरुवारची रेघ नाहीये.

हे कुणी करायला लावलं नव्हतं मला. गप्प बसणं वेगळं. मी हातानं पुसली.

आबा स्वतः जाऊन बघून आले. मग नाना गेले. बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा — रागावलेला असता तर बरं झालं असतं. ते गोंधळले होते. स्वतःच्या बोटाकडे बघत होते. त्याच दिवशी ते जळगाव सोडून शिंदखेड्याला गेले आणि पुन्हा कुणाची गाडी चालवली नाही. आबांनी गाडी शेडात ढकलली ती कायमची.

आता गेल्या महिन्यातलं. गाडी सुरू झाली. आधी पांढरा धूर, मग खोकली, मग लागली. दुसऱ्या दिवशी पूजा होती. केतकीनं मला न सांगता नानांना शोधून काढलं. ते हल्ली इथंच, जळगावात मुलीकडे राहतात. ऐंशीच्या घरातले. मोतीबिंदू फार उशिरा काढला, धूसर दिसतं. ती त्यांना हात धरून घेऊन आली. चाकाखाली ठेवायचं लिंबू ती घरातच विसरली होती, आणि सवयीनं बोलून गेली — सुपडूनं पाणी पाहिलं! मग जीभ चावली. नाना स्वतःच हसले. म्हणाले, "खरं शे, बेटा. पानी देखाबिगर किल्ली फिरावू नको. मी एकदाव भुलनू, आन बठ्ठं गयं." बठ्ठं म्हणजे सगळं.

मग गाडीला हात लावत, चाचपडत, ते भिंतीपाशी गेले. बोटं फिरवली. मला जवळ बोलावलं. "भाऊ, मन्ह्या रेघा शेतस का आजून?"

होत्या. दिवाळीपासूनच्या ओळीच्या ओळी. शेवटच्या ओळीत तीन रेघा आणि एक डाग.

मी म्हणालो, झिजल्या नाना, काही कळत नाही.

त्यांनी मान हलवली. "रेघ मारानी याद शे मले. पन ती आदला दिननी व्हई. मन्हीच भूल व्हयनी." त्यांची मुलगी बाजूला मला सांगत होती — शिंदखेड्याला परत गेल्यापासून ते दाराची कडी चारचारदा बघतात, नळ बंद केला का ते विचारतात, स्वतःच्या हातावर त्यांचा विश्वास नाही. तिला वाटतं, आधीपासूनचा स्वभाव असेल. मी हो म्हणालो.

केतकी पुण्याला परत गेली. जाताना नानांना म्हणाली, गाडी तुमच्यावर सोपवतेय. त्यामुळे ते आता रोज सकाळी येतात, रिक्षानं. मी बॉनेट उघडून देतो. ते रेडिएटरात बोट बुडवतात, गेरूची वाटी मीच पुढे करतो, आणि भिंत चाचपून ते रेघ ओढतात. रेघ वाकडी येते. त्यांना ती दिसत नाही. म्हणून ते माझ्याकडे वळून रोज विचारतात,

"भाऊ, उमटनी का?"

मी म्हणतो, उमटली, नाना.

त्या गुरुवारचीही उमटली होती.