तारेचं दुसरं टोक

२०२३ साली, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, मी पहिल्यांदा विमानात बसलो. शाळा तिसरीपर्यंत, पण पट्टा कसा लावायचा ते कुणाला विचारलं नाही. निघताना पडवीत काटेरी तारेची तीन भेंडोळी ठेवून आलो होतो. धाकटा भाऊ नामदेव दर नांगरटीला बांध कोरतो. परत आलो की दोघांच्या द्राक्षबागांच्या मधोमध तार ओढणार, असं गावभर सांगूनच निघालो.

मुलगा विलास कतारला अल वक्रात राहतो, वेल्डिंगवर फोरमन आहे. गाव मूळचं मासेमारांचं, आता नुसत्या बिल्डिंगी. संध्याकाळी तो मला समुद्राकाठच्या सूकमध्ये (बाजारात) नेई. तिथं करक (दूध आटवलेला कडक चहा) मिळतो. गोडमिट्ट. मी दोन घ्यायचो.

तिथंच बाकावर माझ्या वयाचा एक गोरा म्हातारा भेटला. नाव वाखो, देश जॉर्जिया. लेक नीनो इथं हॉटेलात कामाला, तिच्याकडं आलेला. ती आणि विलास इंग्रजीत बोलून आमचं एकमेकांना सांगत. वाखोनं माझा हात उलटा केला, अंगठ्याजवळचा घट्टा चाचपला आणि हवेत कात्री चालवल्यागत केलं. छाटणी. त्याचीही द्राक्षंच. त्यानं चुर्चखेला (द्राक्षाच्या घट्ट रसात बुडवून वाळवलेली अक्रोडांची माळ) खायला दिला. तो चिकटून माझी कवळीच हातात आली. वाखो हसला नाही. स्वतःची काढून दाखवली. मग दोघं हसलो.

मोठेपणानं मी म्हटलं, "रशिया आमचा जुना दोस्त. तुमचा तर शेजारीच."

विलास सांगायला कचरत होता, मीच हट्ट धरला. ऐकून वाखोनं कप खाली ठेवला.

मग नीनो सांगू लागली. पूर्वी त्यांचा मुलूख सोव्हिएत राज्यात होता. ते मोडलं, हे स्वतंत्र झाले. पण शेजारी आपल्या शब्दाबाहेर गेलेला रशियाला चालेना. दोन हजार आठ साली लढाई झाली. त्यांच्या गावापलीकडचा भाग वेगळा देश आहे असं रशियानं ठरवलं आणि तिथं आपलं सैन्य बसवलं. पुढं त्या सैन्यानं हद्दीवर तार ओढली. एका सकाळी ती वाखोच्या बागेतून गेली. अर्धे वेल आणि भावाचं घर पलीकडं.

"एवढा मोठा देश, अन् बांध कोरतो?" मी म्हणालो. विलासनं हे कसं सांगितलं कोण जाणे, पण वाखोनं मान हलवली.

मी असतो तर तार उपटली असती, असंही म्हटलं. नीनो म्हणाली, शेजारचा एकजण नुसता ओलांडून गेला, त्याला सैनिक धरून घेऊन गेले. म्हणून वाखो अलीकडंच उभा राहायचा. भाऊ काठी टेकत पलीकडून यायचा, दोघं तारेतून बोलायचे. गेल्या हिवाळ्यापासून भाऊ आलेला नाही. आहे की नाही, तेही कळत नाही.

वाखो हळू काही बोलला.

"आप्पा, ते विचारतायत, तुम्हाला भाऊ आहे का."

"आहे. बांधालगतच."

विलासनं सांगितलं. वाखोनं माझा हात धरला तो बराच वेळ सोडला नाही. मीही सोडवून घेतला नाही.

गावी पोचलो तेव्हा दिवस मावळला होता. पडवीत चढताना त्याच भेंडोळ्यांना पाय अडखळला.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून नामदेवच्या दारात गेलो. बांध त्यानं कोरलाय, ते माझं म्हणणं आजही आहे. पण तो विषय काढला नाही. म्हटलं, "ओढ्याकडनं रानडुकरं येतात, तुझ्याही बागेत शिरतात. तिकडं तार ओढू. एकट्यानं ताणत नाही. एक टोक धर."

त्यानं दार पुरतं उघडलं. मग म्हणाला, "दादा, आधी चहा घे."

करकइतका गोड नव्हता. मी दोन कप घेतले.