उज्ज्वला आडेची वीस मिनिटं

डिसेंबरातल्या एका रविवारी उज्ज्वला आडे आपली लाल गाडी घेऊन पहिल्यांदा रेस ट्रॅकवर उतरली आणि चौथ्याच फेरीला गाडीने मान टाकली. बंद नाही पडली. पण तापमानाचा काटा लाल रेघेला टेकला, समोर पिवळा दिवा लागला आणि इंजिनानं आपणहून जोर कमी केला. मागून येणाऱ्या गाड्या एकेक करून पुढे निघून गेल्या. ती कडेकडेनं बाहेर आली आणि बॉनेट उघडून उभी राहिली.

ट्रॅक हैदराबादच्या थोडा अलीकडे. नागपूरच्या काही हौशी लोकांनी मिळून तो हिवाळ्यात महिन्यातून एक रविवार भाड्यानं घेतलेला. शर्यत वगैरे काही नाही. आपापली रोजची गाडी आणायची, हेल्मेट घालायचं आणि वीस-वीस मिनिटांच्या पाळीत जमेल तेवढ्या वेगानं चालवायची. उज्ज्वला तिथं एकटीच बाई होती, आणि पांढरकवड्याहून आलेलीही एकटीच.

ती तेहतीस वर्षांची. यवतमाळला आयटीआय केलं तेव्हा मोटार मेकॅनिकच्या वर्गात दोनच मुली होत्या. पुढे ती एसटीच्या आगारात लागली आणि आठ वर्षं बसगाड्यांखाली झोपून काम करत आली. आवाजावरून इंजिनाचं दुखणं ओळखण्यात तिचा हात धरणारा आगारात कोणी नव्हता. पण पूर्ण जोरात, सलग वीस मिनिटं पळवल्यावर इंजिन कसं वागतं, हे तिनं कधी पाहिलेलं नव्हतं. रस्त्यावर ते पाहताही येत नाही, पाहूही नये. म्हणून ही जुनी टर्बो गाडी घेतली होती. टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा. त्यानं छोट्या इंजिनाला मोठी ताकद येते आणि ताकदीबरोबर उष्णताही तेवढीच.

घरी आल्यावर तिनं फोनवर व्हिडिओ धुंडाळले. एकात एका तरुणानं बॉनेटच्या मागच्या बिजागरीखाली जाड वायसर घालून बॉनेट बोटभर वर उचललं होतं. गरम हवा मागून निघून जाते, म्हणे. उज्ज्वलाला पटलं. तिनं अर्ध्या तासात ते करून टाकलं.

जानेवारीत तिसऱ्याच फेरीला वळणावर कूलंट उकळून बाहेर आलं. हिरवं पाणी ट्रॅकभर सांडलं. लाल झेंडा लागला, सगळ्या गाड्या थांबल्या, माणसं वाळूची पोती घेऊन धावली. पाऊण तास ट्रॅक बंद. काचेवर वाफ धरलेल्या गाडीत ती बसून होती आणि बाहेरून कोणीतरी वाकून विचारत होतं, "ताई, कूलंट भरलं होतं ना?"

आठ वर्षं मेकॅनिक असलेल्या बाईला हे विचारावं! 

संजय वैद्य हा त्या मंडळींचा म्होरक्या. नागपूरचा, शांत बोलणारा माणूस. त्यानं तिला बाजूला घेतलं. "उज्ज्वलाताई, राग मानू नका. ओल्या ट्रॅकवर कोणी घसरलं असतं तर? फेब्रुवारी सोडून द्या. मार्चमध्ये शेवटचा रविवार आहे, मग उन्हाळ्यासाठी बंद. तेव्हा या. पण पुन्हा पाणी सांडलं तर पुढच्या हिवाळ्यात मी तुम्हाला घेऊ शकणार नाही."

"येईन," ती म्हणाली. "वीस मिनिटं पूर्ण करीन."

तिचा बा, खेमसिंग, एकतीस वर्षं नागपूर-हैदराबाद ट्रक चालवून आता तांड्यावर थोडी शेती बघत होता. परतलेल्या गाडीकडे बघूनच त्याला सगळं कळलं.

"थर्मोस्टॅट काढून फेक," तो म्हणाला. "आमी सारेच काढत होतो. पाणी मोकळं फिरते."

"बा, पाणी फिरून राह्यलं. थे थंड होऊन नाई राह्यलं. अडचण तिथं हाय."

"बरं बाई. तू शिकेल हायेस."

खेमसिंग उठून शेतात गेला आणि चार दिवस त्यानं गाडीचं नाव काढलं नाही.

उज्ज्वलानं या वेळी व्हिडिओ पाहिले नाहीत. आगारात ती एक गोष्ट शिकली होती: आधी दुखणं शोधायचं, मग पाना उचलायचा. घाईनं वायसर घालताना नेमकं तेच ती विसरली होती, आणि याची तिला इंजिन तापण्यापेक्षा जास्त लाज वाटत होती. आता हवा कुठून येते आणि कुठून जाते, हे डोळ्यांनी बघायचं असं तिनं ठरवलं.

त्यासाठी दोरे हवे होते. रामीबाईच्या, म्हणजे तिच्या याडीच्या, भरतकामाच्या डब्यात ते होते.

"लाल नोको घेऊ," रामीबाई ओरडली. "थो बाजूच्या लालीबाईच्या नातीच्या ओढणीचा हाय. पिवळा घे. काय शिवतं?"

"शिवत नाई याडी. गाडीले लावतो."

रामीबाईनं पिवळ्या दोऱ्याचं रीळ हातावर ठेवलं आणि ती गाडीला दोरा कशाला लागतो हे विचारायच्या भानगडीत पडली नाही.

बोटभर लांबीचे साठ तुकडे तिनं बॉनेटवर चिकटपट्टीनं ओळीत लावले. रविवारी सकाळी मोकळ्या रस्त्यावर न्यायचं तर शेजारी बघणारं कोणी हवं. खेमसिंग स्वतःहून येऊन बसला. गाडीनं सत्तरचा वेग धरला तसे सगळे दोरे मागच्या बाजूला सरळ झाले. मग खेमसिंग पुढे वाकला.

"उज्ज्वला, मागच्या फटीजवळचे पाह्य. थे उलटे होऊन राह्यले. आत शिरून राह्यले!"

तिनं गाडी कडेला घेतली. बॉनेटच्या मागच्या कडेचे दोरे खरंच उचललेल्या फटीतून आत गेले होते. वेगात पळणारी हवा काचेच्या पायथ्याशी येऊन तुंबत होती आणि फट मिळताच इंजिनाकडे घुसत होती. म्हणजे तिनं गरम हवेला दार उघडून दिलं नव्हतं. समोरून येणाऱ्या हवेची वाटच मागून अडवली होती. तिथंच, रस्त्याच्या कडेला, तिनं पाना काढून चारही वायसर काढले.

"घरी जाऊन काढतं नं," खेमसिंग म्हणाला.

"नाई. आत्ताच."

दुसऱ्या दिवशी कामावरून आल्यावर तिनं अंगणातल्या कडुलिंबाखाली गाडीचा पुढचा बंपर उतरवला. समोर तीन जाळ्या एकामागे एक: टर्बोची हवा थंड करणारा इंटरकूलर, एसीचा कंडेन्सर आणि सगळ्यात मागे रेडिएटर. समोरून पाहिलं तर स्वच्छ. पण बोल्ट सैल करून कंडेन्सर पुढे ओढला आणि बॅटरीचा उजेड फटीत टाकला, तेव्हा तिच्या तोंडून शिवीच निघाली. दोन जाळ्यांच्या मधे, खालच्या तिसऱ्या हिश्श्यात, कापूस बसला होता. कापसाची सरकी काढणाऱ्या जिनिंगच्या रस्त्यानं रोज ये-जा. भरून चाललेल्या गाड्यांमधून उडणारे तंतू वर्षभर आत ओढले गेले होते. धुळीत, किड्यांत मिसळून त्याची करडी गादी झाली होती. तिनं बोटानं सोलली तर हातभर पट्टी एका तुकड्यात निघून आली.

तिनं ती खेमसिंगपुढे धरली. त्यानं दोन बोटांत चोळून पाहिली.

"कापूस हाय, पन बाजारात भाव नाई भेटनार याले," तो म्हणाला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा दोघं हसली.

जाळ्या मागच्या बाजूनं, हलक्या धारेनं धुवायला संध्याकाळ गेली. जोराचं पाणी मारलं की पातळ पात्या वाकतात. मग तिनं गाडी सुरू करून पंखा चालू दिला आणि पेटती उदबत्ती रेडिएटरच्या कडेला धरली. धूर जाळीतून जायला हवा होता. तो मागून निघून, कडेच्या चार बोटं रुंद फटीतून फिरून पुन्हा पुढे येत होता. तीच गरम हवा गोल गोल.

खेमसिंग पाठीमागं उभा राहून पाहत होता. "निर्मल गावाच्या घाटात माह्या ट्रकच्या रेडिएटरच्या बाजूचा रबर फाटला होता," तो म्हणाला. "मी दोन्हीकून बारदाना कोंबला. हैदराबादवरी काटा हलला नाई. हवा आळशी असते वं. जाळीतून जायले तिले जोर लागते. बाजूनं रस्ता भेटला त कायले जाळीतून जाईन?"

उज्ज्वला उदबत्ती धरून त्याच्याकडे बघतच राहिली. "हे आधी काहून नाई सांगतलं?"

"तू इचारलं कुठं? मी थर्मोस्टॅट म्हटलं त मलेच शिकवाले लागली."

पुढचे तीन आठवडे तिचं एकच काम चाललं. पुठ्ठ्याचे नमुने कापायचे, लावून बघायचे, फेकायचे, परत कापायचे. दुकानांच्या पाट्या बनवणाऱ्या उकंडाकडून तिनं अ‍ॅल्युमिनियमचे उरलेले पत्रे आणले, सोफे शिवणाऱ्याकडून न भिजणारा जाड फोम. पत्र्याचे दोन कान वाकवून तिनं पुढच्या जाळीपासून रेडिएटरपर्यंत बोगदा केला. आत आलेली हवा बाहेर पळायला वाव राहिला नाही. इंटरकूलरला खालून वेगळी वाट दिली. जिथं जिथं फट, तिथं फोम. इंजिनाखालचं प्लॅस्टिकचं कवच तुटलं होतं, तेही नीट बसवलं. बोटं कापली, एक पत्रा उलटा वाकला, एकदा बंपरच बसेना म्हणून सगळं काम उतरवून पुन्हा केलं.

मोजमाप ती काटेकोर करायची. फोनला जोडलेल्या छोट्या यंत्रावर पाण्याचा आकडा दिसायचा. तोच रस्ता, तीच दुपारची दोनची वेळ, ऐंशीचा वेग, तिसरा गिअर, एसी चालू. आधी एकशेतीन अंश. जाळ्या धुतल्यावर नव्याण्णव. फोम आणि बोगद्यानंतर पंचाण्णव. बाहेर ऊन अडतीसवर गेलेलं असतानाही पंचाण्णव.

"झालं त मग," रामीबाई म्हणाली.

"रस्त्यावर झालं, याडी. तिथं नाई झालं अजून."

मार्चच्या शेवटच्या रविवारी खेमसिंग तिच्याबरोबर गेला. जाताना त्यानं ट्रकच्या दिवसांतली कापडी पिशवी बरोबर घेतली. कशाला ते विचारलं तर म्हणाला, सवय हाय. संजयनं गाडीचं बॉनेट उघडून पत्र्याची कामं बघितली, उतू गेलेलं पाणी धरायला लावलेली बाटली तपासली आणि मान हलवली. काही माणसं मागे उभी राहून बघत होती. त्यांच्या गाड्यांत परदेशातून मागवलेले चकचकीत भाग होते. तिच्या पत्र्यावर उकंडाच्या कोणत्या तरी जुन्या पाटीचं अर्धं निळं अक्षर अजून दिसत होतं.

पहिल्या पाळीत तिनं जोर धरला. सहा मिनिटं, अठ्ठ्याण्णव. नऊ मिनिटं, एकशेदोन. तेराव्या मिनिटाला आकडा एकदम एकशेदहा झाला. तिनं आधीच ठरवलं होतं, एकशेदहाच्या पुढे जायचं नाही. एक फेरी हळू घेतली, आकडा थोडा उतरला, पण पुन्हा जोर देताच चढला. काहीतरी बिघडलं होतं. ती हात वर करून बाहेर आली. पाण्याचा थेंब सांडला नव्हता, पण वीस मिनिटंही झाली नव्हती.

बंपर उतरवला. डाव्या बाजूची फोमची पट्टी जागेवर नव्हती. उष्णतेनं चिकटपट्टीचा डिंक वितळला आणि हवेनं ती ओढून मागे नेली होती. दुसरी पाळी तासाभरात. तिच्याजवळ फोमची पट्टी होती, पण तिला धरून ठेवणारं काही नव्हतं.

"चिकटून नाई राहनार," ती म्हणाली.

"मंग शिव," खेमसिंग म्हणाला आणि पिशवीतून दाभण आणि सुतळी काढली. ट्रकवरची ताडपत्री एकतीस वर्षं त्यानं त्याच दाभणानं शिवली होती. "प्लॅस्टिकले भोकं पाडून दे. तुह्यं काम थे. बाकी माह्यं."

तिनं ड्रिल लावलं. भर उन्हात, मातीत मांडी घालून म्हाताऱ्यानं फोम रेडिएटरभोवतीच्या प्लॅस्टिकच्या चौकटीला शिवला, दर दोन बोटांवर गाठ. उजवी बाजूही शिवली, ती सुटली नव्हती तरी. बंपर चढवून शेवटचा बोल्ट आवळला तेव्हा पाळीला चार मिनिटं होती.

या वेळी तिनं आकड्याकडे दर सरळ पट्ट्यावर एकदाच बघितलं. नव्याण्णव. एकशेदोन. दहा मिनिटांनी एकशेचार. तेरावं मिनिट. एकशेपाच. पुढची फेरी, एकशेपाच. इंजिन ताणून ओढत होतं, कुठं अडखळत नव्हतं, आणि तिच्या लक्षात आलं की आपण आता इंजिनाकडे कान लावलेला नाही, वळणाकडे लक्ष आहे. सतराव्या मिनिटाला एका भारी गाडीनं तिला ओलांडलं, एकोणिसाव्याला तिनं दुसरीला ओलांडलं. मग काळापांढरा झेंडा दिसला. वीस मिनिटं. सगळ्यात वर गेलेला आकडा एकशेसहा.

शेवटची फेरी हळू घेऊन ती बाहेर आली. संजय हातातल्या घड्याळाकडे बोट दाखवत उभा होता. "पूर्ण, ताई. पुढच्या हिवाळ्यात नाव घालतो."

"घाला," ती म्हणाली. बाच्या खांद्यावर तिनं हात ठेवला. त्याची बोटं सुतळीनं लाल झाली होती. एकशेसहा आकडा त्यानं दोनदा विचारून घेतला आणि मग भोवती जमलेल्या माणसांना दाभण दाखवत निर्मलचा घाट सांगायला लागला.

उज्ज्वला तोवर पुढच्या चाकाशी जाऊन बसली होती. तिथून जळका वास येत होता. इंजिन आता वीस मिनिटं टिकत होतं, त्यामुळे ब्रेक पहिल्यांदाच एवढे तापले होते. तिनं फोन काढून ब्रेकच्या तबकडीच्या कडेला आलेल्या निळसर झाकेचा फोटो घेतला, आणि चाकाच्या आतल्या बाजूला हवा नेता येईल अशी जागा कुठं आहे ते वाकून बघायला लागली.