राक्षसाची वैद्यकीय रजा

विषय : एका जुन्या हिंदी भयपटाची हाय डेफिनिशन डिस्क आणि तीतील राक्षसाची रजा.
संदर्भ : आमचे मित्र भाऊ पाटणकर यांचा दावा.

सविनय कळवण्यात येते की, तीस वर्षं एका कचेरीत काढलेल्या माणसांकडे किस्से साचतात ते जुन्या फायलींसारखे. कोणी मागत नाही, टाकवतही नाहीत. हे सगळे एकाच फायलीतले.

भाऊ आमच्या ठाण्याच्या कचेरीत आवक-जावकला होते. राहायला डोंबिवलीत. तरुणपणी आपण परग्रहावरचा राक्षस झालो होतो, असं ते सांगत. शूटिंग कल्याणजवळ मोहने गावी, कारखान्याच्या आवारात. ठरलेला राक्षस आलाच नाही आणि बघ्यांत सहा फुटी फक्त भाऊ! पण तोंडावर रबरी मुखवटा आणि नामावलीत नाव नाही. विश्वास कोणीच ठेवला नाही. घरी वहिनींनीही नाही!

*

आस्थापना शाखेच्या सावंतांनी तेव्हा व्हिडिओ कॅसेट भाड्याने आणली होती. राक्षस आला आणि पडदा काळाकुट्ट. वर पांढऱ्या रेघा नाचतायत.

"तो बघा मी!" भाऊ ओरडले.

"कितवी रेघ?" सावंतांनी विचारलं.

*

गेल्या वर्षी त्या सिनेमाची डिस्क निघाली. कव्हरवर लिहिलेलं, 'अंधारातलाही प्रत्येक तपशील स्पष्ट'. भाऊ ते वाक्य बढतीच्या आदेशासारखं सगळ्यांना वाचून दाखवत होते.

सावंतांच्या घोडबंदर रोडच्या फ्लॅटमध्ये भिंतीएवढा टीव्ही आहे. एका रविवारी दुपारी तिथे जमलो. भाऊ आणि वहिनी डोंबिवलीहून अडीच तासांनी पोचले.

"परग्रहावरून निघाला असतास तर लवकर आला असतास," सावंत म्हणाले.

चित्र इतकं लख्ख, की भीती वाटायला जागाच उरली नाही. परग्रहावरच्या गुहेत, राक्षसाच्या सिंहासनामागे, मराठीत पाटी दिसली : 'येथे थुंकू नये'.

"प्रगत संस्कृती दिसतेय," सावंत म्हणाले.

त्यांची सून अनघा आयटीत आहे. ती म्हणाली, "काका, जुनी फिल्म साफ करताना जास्तच पुसलंय हो. सगळ्यांची कातडी मेणासारखी वाटते."

"राक्षसाची मात्र छान आलीय," वहिनी म्हणाल्या.

*

मग राक्षस पाठमोरा झाला. रबरी पोशाखाची पाठीवरची चेन उघडी पडलेली, आणि आतून जांभळा स्वेटर! हिरव्या पट्ट्याचा!

"थांबव गं अनघा!" वहिनी उभ्याच राहिल्या. "अहो, हा मी विणलेला. लग्नानंतरचा पहिला! खडवलीच्या सहलीत नदीत वाहून गेला म्हणालात ना?"

"रबराला चिकटून फाटला," भाऊ मान खाली घालून म्हणाले. "सांगायचं धाडस झालं नाही."

वहिनी टीव्हीच्या अगदी जवळ गेल्या.

"म्हणजे खरंच तुम्ही होतात हो!"

भाऊंनी चष्मा काढून पुसला. पुन्हा पुसला.

"पण एवढं स्पष्ट दाखवायची काय गरज होती?" वहिनी म्हणाल्या. "माझा सुटलेला टाका दिसतोय!"

*

सावंतांनी बोटांवर वर्षं मोजली. शेवटी म्हणाले, "भाऊ, मोहन्याच्या शूटिंगच्या वेळी तू कांजिण्यांनी आजारी होतास. वैद्यकीय रजा मीच मंजुरीला ठेवली होती. काय ते एक ठरव. राक्षस की रुग्ण?"

"राक्षस," भाऊ म्हणाले. "आणि आता लेखी हवं."

"अरे, पेन्शनला धक्का लागेल!"

"लागू दे. एवढी वर्षं थापाड्या ठरलो, ते पुरे."

अर्जाचा मसुदा माझा. कांजिण्यांची रजा अर्जित रजेत बदलून, सेवापुस्तकात कारण 'राक्षसाची भूमिका' असे नोंदवावे, ही विनंती.

*

कचेरीचं उत्तर आलं : राक्षसाच्या छायाचित्राची राजपत्रित अधिकाऱ्याने साक्षांकित केलेली प्रत जोडावी.

अनघाने तो पाठमोरा प्रसंग कागदावर छापून दिला. तो घेऊन भाऊ आणि मी कल्याणला एका साहेबांकडे गेलो. साहेबांनी शिक्का उचलला, चित्राकडे पाहिलं आणि शिक्का खाली ठेवला.

"मूळ आणलंय का? मूळ बघितल्याशिवाय मला सही करता येत नाही."

भाऊ उठले. मे महिना होता. त्यांनी शांतपणे बटणं सोडून शर्ट उतरवला आणि साहेबांकडे पाठ केली. आत नवा स्वेटर होता. जांभळा, हिरव्या पट्ट्याचा. वहिनींनी सुटलेला टाकासुद्धा तसाच ठेवला होता.

साहेबांनी चष्मा लावला. एकदा चित्र पाहिलं, एकदा भाऊंची पाठ.

"ठेवून जा," ते म्हणाले. "बघतो."

अर्ज प्रलंबित आहे.